तीन चाके आणि दोन चाकोऱ्या
कच्च्या रस्त्यांसाठी तीनचाकी वाहनाची सिद्धता

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास आष्टी तालुक्यातील कडा हे गाव अहिल्यानगर–आष्टी–जामखेड मार्गावर वसले आहे. या मार्गामुळे गावाचा संबंध मोठ्या बाजारपेठांशी जुनाच आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग प्रवासी वाहतुकीस खुला झाला आणि कडा हे रेल्वेचे स्थानकही झाले. तथापि डांबरी सडक आणि लोहमार्ग गावापर्यंत पोहोचले म्हणजे दळणवळणाचा प्रश्न सुटला, असे होत नाही. खरा प्रश्न असतो तो सडकेपासून वस्तीपर्यंतच्या दोन-चार किलोमीटरांचा. दूध, भाजीपाला, पेंड, पिण्याचे पाणी, शाळेत जाणारी मुले आणि आजारी माणूस या साऱ्यांना हे अंतर रोज कापावे लागते. ते कापणारे साधन म्हणजे बहुधा तीनचाकी मालवाहू रिक्षा होय.

हे वाहन मुळात गुळगुळीत शहरी रस्त्यासाठी आखलेले आहे. त्यास कच्च्या वाटेवर चालवावयाचे तर काही पूर्वतयारी करावी लागते. ही तयारी म्हणजे वाहनाला जाड पट्ट्या आणि मोठे टायर जोडून ते ‘मजबूत’ करणे, असा समज सर्वत्र आढळतो. तो बराचसा चुकीचा आहे. तीनचाकीची खरी सिद्धता वाहनाचा तोल, भाराची मांडणी आणि वाटेचा आकार या तीन गोष्टी एकमेकींशी जुळविण्यात आहे. त्यांपैकी पहिल्या दोन वाहनमालकाच्या हाती आहेत. तिसरी मात्र ग्रामपंचायतीच्या हाती आहे. म्हणूनच या विषयाचा परिचय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे.

तीनचाकी कोठून आली?

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत इंधन आणि पैसा या दोहोंची टंचाई असताना पियाजिओ कंपनीने १९४८ साली स्कूटरच्या धर्तीवर एक हलके मालवाहू वाहन बाजारात आणले. त्याचे नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. भारतात या जातीच्या वाहनांचे माहेर महाराष्ट्रच होय. नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने मुंबईजवळ गोरेगाव येथे तीनचाकी मालवाहू गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. त्या कंपनीच्या नावावरूनच ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला की आज कोणत्याही लहान मालगाडीस आपण टेम्पो म्हणतो. पुढे पुण्यानजीकच्या आकुर्डी येथील बजाज ऑटोच्या रिक्षांनी देशभर जम बसविला आणि पियाजिओच्या वाहनांचा कारखाना बारामती येथे उभा राहिला.

तीन चाकांचे लाभ उघड आहेत. वाहन हलके, किंमत कमी, वळण्यास जागा थोडी आणि दुरुस्ती गावातल्या गॅरेजमध्ये होण्याजोगी. परंतु या काटकसरीची एक किंमत आहे, आणि ती कच्च्या वाटेवर मोजावी लागते.

दोन चाकोऱ्यांची अडचण

आपल्या पाणंदी व शिवाररस्ते बैलगाडीने घडविले. बैलगाडीच्या दोन चाकांनी दोन चाकोऱ्या पडल्या आणि त्यांच्या मधोमध गवताळ उंचवटा राहिला. अलीकडे ट्रॅक्टर व त्याच्या ट्रॉलीने त्याच चाकोऱ्या अधिक खोल केल्या. बैलगाडी, ट्रॅक्टर, जीप या सर्वांची चाके उजव्या-डाव्या अशा दोनच रेषांत धावतात. त्यामुळे दोन चाकोऱ्यांची वाट त्यांना पुरते. तीनचाकीची चाके मात्र तीन रेषांत धावतात.

याचा परिणाम पाहा. मागील दोन चाके दोन चाकोऱ्यांत ठेवली, तर पुढचे चाक मधल्या उंचवट्यावरून, म्हणजे दगड, गवत आणि ढेकळे यांवरून जाते. तोच उंचवटा पुढे गाडीच्या पोटाखालून सरकतो आणि मागे पोहोचतो. बहुतेक रिक्षांचे इंजिन मागील चाकांच्या जवळ, जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसविलेले असते. उंचवटा तेथे घासतो, तेलपात्राला तडा जातो आणि वाहन वाटेतच उभे राहते. उलटपक्षी चालकाने पुढचे चाक एका चाकोरीत उतरविले, तर मागचे एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे चाकोरीबाहेरच्या कडेवर जाते. दोहोंची उंची सारखी नसेल तर संपूर्ण गाडी एका अंगास कलते.

कलण्याचा धोका तीनचाकीस अधिक का, हे शाळेतील भूमितीने सहज समजते. चारचाकी गाडी जमिनीवर एका आयतावर उभी असते; तीनचाकी त्रिकोणावर उभी असते. भारासह गाडीच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या आकृतीच्या आत आहे तोवर गाडी उभी राहते. तो बाहेर पडला की गाडी कलंडते. त्रिकोण पुढे निमुळता असल्याने गुरुत्वमध्य जितका पुढे सरकेल तितकी त्याच्या दोन्ही बाजूंची जागा कमी होते.

उदाहरणादाखल सोयीचे आकडे घेऊ. पुढच्या चाकापासून मागील आसापर्यंत २ मीटर आणि मागील दोन चाकांत १.२० मीटर अंतर आहे असे मानू. भार मागे ठेवल्याने गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून दोन-तृतीयांश अंतरावर आला, तर त्या ठिकाणी त्रिकोणाची अर्धी रुंदी ४० सेंटिमीटर भरते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर असेल तर गाडी सुमारे ३४ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत तग धरते. तोच भार रचून उंची ९० सेंटिमीटर झाली की ही मर्यादा सुमारे २४ अंशांवर येते. शिवाय भार पुढे सरकून गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर आला, तर अर्धी रुंदी ३० सेंटिमीटर उरते आणि मर्यादा सुमारे १८ अंशांपर्यंत घसरते. तेवढ्याच रुंदीची चारचाकी ९० सेंटिमीटर उंचीच्या गुरुत्वमध्यासहही सुमारे ३४ अंशांपर्यंत उभी राहते. हा हिशेब गाडी उभी असतानाचा आहे. चालत्या गाडीस धक्के बसतात, कमानी दबतात, माल हलतो. म्हणून प्रत्यक्षातील मर्यादा याहून कमीच असते.

वळणावर हाच नियम वेगाच्या रूपाने भेटतो. वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. वर सांगितलेल्या उंच व पुढे रचलेल्या भारानिशी १० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाने गेलेली गाडी कलंडण्याच्या उंबरठ्यावर येते. वेग ताशी १० किलोमीटर ठेवला तर हा जोर केवळ एक-चतुर्थांश राहतो. ताशी २० किलोमीटर हा वेग कोणासही फार वाटत नाही. धोका आहे तो नेमका याच समजुतीत.

भाराची मांडणी

यावरून पहिला नियम निघतो : जड माल तळाशी आणि मागील आसाच्या किंचित पुढे ठेवावा. आसाच्या मागे फार माल गेला तर पुढचे चाक हलके होते आणि हॅन्डल वळविले तरी गाडी वळत नाही. चढावर हा अनुभव विशेष येतो. म्हणून लोखंडी नळ्या, बांबू यांसारखा मागे लोंबणारा माल तीनचाकीतून नेणे टाळावे.

दुधाच्या वाहतुकीत ४० लिटरचा कॅन सर्वत्र प्रचलित आहे. त्यातील दुधाचेच वजन सुमारे ४१ किलो भरते. कॅनचे वजन वेगळे. भरलेले कॅन तळाशी एकमेकांस चिकटून उभे करावेत व दोरीने आवळावेत. रिकामे कॅनच काय ते वर ठेवावेत. अर्धवट भरलेल्या कॅनमधील दूध हिंदकळते व प्रत्येक हिंदकळ्यासरशी तोल बदलते. म्हणून दोन अर्धे कॅन नेण्यापेक्षा एक पूर्ण भरून नेणे इष्ट.

टंचाईच्या दिवसांत रिक्षावर पाण्याची टाकी बसविण्याची पद्धत या भागात परिचित आहे. ५०० लिटरची टाकी म्हणजे ५०० किलो पाणी, आणि तेही उंचावर. वाहनाच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेली भारक्षमता प्रथम पाहावी; पाणी, टाकी व तिचा सांगाडा मिळून ती ओलांडली जात असल्यास लहान टाकी घ्यावी. अर्धी भरलेली टाकी ही पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वळणावर अधिक दगा देते, कारण पाणी एका अंगास धावते. टाकी उभी उंच न घेता पसरट व बुटकी घ्यावी आणि आत आडव्या पडद्या असलेली मिळाल्यास उत्तम.

मालवाहू रिक्षात माणसे बसविणे कायद्यास मान्य नाही. कायदा बाजूस ठेवला तरी यामागील कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. हौद्यात उभी असलेली माणसे हा सर्वांत उंच आणि सर्वांत हलणारा भार होय. वळणावर सर्वजण एकाच बाजूस झुकतात. शाळकरी मुलांच्या बाबतीत शिक्षकांनी व पालकांनी याविषयी कटाक्ष ठेवला पाहिजे.

वाहनाची तयारी

आता प्रत्यक्ष वाहनाकडे वळू. पुढील कामे गावातील कारागिराकडून होण्याजोगी आहेत.

टायर : प्रवासी रिक्षास बहुधा ४.००–८ आणि मोठ्या मालवाहू रिक्षास ४.५०–१० या मापाचे टायर असतात. चाक लहान असल्याने जो खड्डा जीप सहज ओलांडते, तो रिक्षास आदळवितो. म्हणून टायरची नक्षी खोल व शाबूत असावी, मागील दोन्ही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले असावेत आणि हवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे भरावी. मागील एका टायरात हवा कमी असणे म्हणजे गाडी आधीच एका अंगास कलती करून निघण्यासारखे आहे. मोठ्या मापाचे टायर बसविण्याचा मोह टाळावा. त्याने गाडी थोडी उंच होते खरी. पण गुरुत्वमध्यही वर जातो, ब्रेक कमी पडतात आणि चढावर इंजिन दमते.

कमानी व शॉकअप : शॉकअपमधून तेल गळत असल्यास तो बदलावा. दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. स्प्रिंगमध्ये लाकडी ठोकळे किंवा जादा पट्ट्या घालून गाडी कडक केली जाते, ते हितकारक नाही. कडक गाडीचे चाक खड्ड्यात उतरत नाही, हवेत लटकते. आणि बसलेला प्रत्येक धक्का सांगाड्याच्या जोडांवर जातो.

पुढचे चाक व हॅन्डल : तीनचाकीची सारी दिशा एका चाकावर अवलंबून असते. पुढचे चाक उचलून धरून हलवून पाहावे. खडखडाट जाणवला तर कोनसेट, बेअरिंग व बुश तपासावेत. ग्रीस देण्याचे काम कच्च्या वाटेवरील गाडीस डांबरी रस्त्याच्या गाडीहून अधिक वेळा करावे लागते.

सांगाडा : आठवड्यातून एकदा सर्व बोल्ट आवळावेत आणि वेल्डिंगचे जोड पुसून पाहावेत. रंगावर उमटलेली बारीक गंजकट रेघ ही बहुधा तड्याची पहिली खूण असते. ती दिसताच काम केले तर थोडक्यात भागते.

पोटाखालची बाजू : इंजिनाच्या तेलपात्राखाली संरक्षक पत्रा असावा. तो कंपनीचा मिळत असल्यास तोच घ्यावा. इंजिनास थंड ठेवणाऱ्या हवेचा मार्ग त्याने बंद होऊ नये व तेल सोडण्याच्या बोल्टाजवळ मोकळीक असावी. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांवरील रबरी बूट फाटले की आत माती जाऊन सांधे खातात. ते वेळीच बदलावेत. ब्रेकच्या नळ्या व तारा लोंबत असल्यास बांधून घ्याव्यात.

हवेची जाळी : उन्हाळ्यात मुरमाची धूळ पिठासारखी उडते. एअर फिल्टर तुंबला की इंधन अधिक लागते व धूर येतो. तो फाटला की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन झिजते. फिल्टर स्वच्छ करणे अगर बदलणे हे काम धुळीच्या दिवसांत पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता करावे.

ब्रेक : ओढा ओलांडल्यावर ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी राहते व ब्रेक लागत नाही. पलीकडे गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबीत सावकाश चालवावे, म्हणजे तो सुकतो. चिखल आत गेल्यास ड्रम उघडून धुवावा.

विजेवर चालणाऱ्या तीनचाकीतील बॅटरी तळाशी असेल तर तोल साधण्यास तिची मदतच होते. तथापि बॅटरीची पेटी, तिचे जोड आणि मोटार पाण्यात किती खोलीपर्यंत चालू शकतात, हे उत्पादकाकडून समजून घेतल्याखेरीज वाहत्या ओढ्यात गाडी घालू नये.

गाडीत नेहमी ठेवावयाच्या वस्तू थोड्याच आहेत : जादा चाक, जॅक, जॅकखाली ठेवण्यास रुंद फळी, फावडे, दोरखंड आणि दोन-चार गोणपाटे. काळ्या मातीत फळीवाचून जॅक जमिनीत रुततो. गोणपाटांचे कारण वेगळे आहे. मागील दोन चाकांस जोर वाटून देणाऱ्या यंत्रणेचा स्वभाव असा की, एक चाक घसरू लागले की तेच गरगर फिरते आणि दुसरे, घट्ट जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते. अशा वेळी ॲक्सिलरेटर वाढविल्याने खड्डा तेवढा खोल होतो. घसरणाऱ्या चाकाखाली गोणपाट घालून हलक्या जोराने गाडी काढावी.

आणखी एक पथ्य. काळी माती ओली असताना ती पुढच्या चाकाच्या मडगार्डमध्ये भरून चाकच जखडते. पाऊस उघडल्यानंतर वाट आंबट-ओली होईपर्यंत काही तास थांबावे. यात वाहन तर वाचतेच, शिवाय वाटही वाचते. कारण ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळून पुढे वर्षभर तशीच राहते.

दिव्यांगांची वाहने

स्कूटरला बाजूस दोन जादा चाके जोडून दिव्यांग व्यक्तींसाठी तयार केलेले वाहन ग्रामीण भागात वाढत्या संख्येने दिसते. त्याची अडचण निराळी आहे. गाडी ओढणारे मूळ चाक मध्ये असते आणि बाजूची चाके केवळ आधार देतात. बाजूची चाके उंच जागेवर आणि मधले चाक खड्ड्यात आले की ते अधांतरी फिरते व गाडी जागीच खिळते. म्हणून बाजूच्या चाकांना स्वतंत्र स्प्रिंग असलेली जोडणी घ्यावी आणि मधल्या चाकावर पुरेसा भार राहील अशी ती बसवावी. दिव्यांग व्यक्तीस उतरून गाडी ढकलणे शक्य नसते, हे ध्यानात घेता तिच्या घरापासून सडकेपर्यंतची वाट सपाट करणे हे ग्रामपंचायतीचे अग्रक्रमाचे काम ठरावे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आहे. सांगाडा लांबविणे, हौदा उंचावणे, मोटारसायकलचे इंजिन काढून घरगुती तीनचाकी बनविणे हे प्रकार यात मोडतात. दिव्यांग व्यक्तींच्या वाहनातील बदलास परवानगीची तरतूद आहे. त्यासाठी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा. विनापरवाना बदल केलेल्या वाहनास अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो आणि त्याचा भार जखमी माणसाच्या कुटुंबावर पडतो. वर सुचविलेली सर्व कामे देखभालीच्या सदरात येतात, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

वाटेची तयारी

वाहन कितीही नीट ठेवले तरी दोन चाकोऱ्या आणि मधला उंचवटा कायम राहिला तर तीनचाकीची अडचण सुटत नाही. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून खेड्यापाड्यांत मातीचे रस्ते झाले. २००० च्या डिसेंबरात प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि २०२१ मध्ये राज्याने शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आखली. रस्ता बांधण्यास योजना असते. परंतु बांधलेल्या कच्च्या रस्त्याची वार्षिक निगा गावालाच राखावी लागते. ती फार खर्चाचीही नाही.

पावसाळा सरताना, जमिनीत ओल असतानाच, ट्रॅक्टरच्या पात्याने मधला उंचवटा कापून ती माती चाकोऱ्यांत लोटावी, वर मुरूम पसरून दाबून घ्यावा. ओलसर माती चांगली दबते. कोरडी माती दाबली तरी पुढच्या वाऱ्यात उडते. उसाच्या वाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम उरकले तर नव्या चाकोऱ्या उथळ पडतात. पाणी निघून जाण्यासाठी रस्त्यास मध्यापासून दोन्ही बाजूंस हलका उतार व कडेला चर असावा; मात्र हा उतार बेताचा ठेवावा, अन्यथा समोरून वाहन आल्यावर कडेस सरकलेली रिक्षा कलते. काही ठिकाणी काटकसर म्हणून चाकांपुरत्या दोनच पट्ट्या पक्क्या केल्या जातात. तसे करताना मधली जागा मुरमाने पट्ट्यांच्या पातळीपर्यंत भरली पाहिजे; नाहीतर आपण सिमेंटच्या चाकोऱ्या बांधल्या असे होईल.

कोणती वाट आधी घ्यावी, हे ठरविण्यास एक सोपे मोजमाप आहे व ते शाळेतील मुलांकडूनही करवून घेता येईल. उंचवट्यावर सरळ काठी आडवी धरून तेथून चाकोरीच्या तळापर्यंतची खोली मोजावी. गावातील भरलेल्या रिक्षाच्या पोटाखालील सर्वांत खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची मोजावी. या दोन मापांत निदान चार बोटे अंतर उरले पाहिजे, कारण धक्क्यासरशी गाडी तेवढी सहज दबते. जेथे ते उरत नाही ती ठिकाणे गावच्या नकाशावर टिंबांनी दाखवावीत. त्रिकोण, ओळंबा आणि गुरुत्वमध्य यांचा पाठ मुलांच्या मनावर ठसतो आणि ग्रामसभेपुढे ठेवावयास नेमकी माहितीही तयार होते.

कड्यासारख्या गावी सडक आली, रेल्वे आली. वस्तीवरील दुधाचा कॅन फुटक्या तेलपात्रामुळे वाटेत अडकून नासला, किंवा प्रसूतीसाठी निघालेली स्त्री ओढ्याच्या काठावर खोळंबली, तर त्या सोयी तिच्यापुरत्या आल्याच नाहीत असे म्हणावे लागेल. वाहनमालकाने भार खाली ठेवावा, कारागिराने गाडी नीट राखावी आणि पंचायतीने मधला उंचवटा दरवर्षी कापावा. ही तीन कामे त्या तीन चाकांसारखीच आहेत. त्यांतील एक ढळले की उरलेल्या दोहोंचा तोल राहत नाही.